फिरत्या बादल्या

गोदामांमध्ये तिला सगळे ठोकताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे लोक काय करतात आणि काय बोलतात हे हुडकून काढण्यासाठीच तिला पगार मिळत होता. ती एका रंगाच्या कारखान्याची माल तपासनीस होती. कारखाना रंग बनवायचा, मोठे व्यापारी तो बादल्यांनी उचलून आपापल्या गोदामात रचून ठेवायचे आणि मग छोट्या दुकानदारांना विकायचे. ही बाई गोदामात शिरली की रांगेतल्या एकेका बादलीवर बोट वाकवून ठोकत जायची. भरलेली बादली जड, मुक्या आवाजात उत्तर द्यायची. रिकामी लगेच बोंब मारायची. त्यात व्यापारही ठोक मालाचा, म्हणून ते नाव तिला दोन्ही बाजूंनी चिकटलं होतं.

हे ठोकणं कशासाठी, ते सांगायला हवं. रंगाचा भाव एका जागी बसून राहत नाही. कच्चा माल स्वस्त झाला की कारखाना भाव उतरवायचा. मग ज्या व्यापाऱ्याने आदल्याच आठवड्यात महागाने गोदाम भरून ठेवलंय त्याने काय करायचं? दुकानदार तर आजच्याच भावाने मागणार. म्हणून करारात एक कलम होतं. भाव उतरला तर गोदामात जेवढा माल न विकता पडलाय तेवढ्यावरचा फरक कारखाना व्यापाऱ्याला भरून देणार. भाव चढला तर उलटं: जुन्या स्वस्त मालावर व्यापाऱ्याला बसल्या जागी जो नफा होईल त्यातला वाटा त्याने कारखान्याला द्यायचा. कलम कोणालाही पटेल असं होतं. मेख एवढीच होती, की गोदामात माल किती पडलाय हे सांगणार कोण? व्यापारी. आणि त्याच्या शब्दावर विसंबायचं नसेल तर? ठोकताई.

भाव उतरला की गोदामं फुगायची आणि चढला की वाळायची, हे तिने इतक्या वेळा बघितलं होतं की त्याचं तिला नवल वाटेनासं झालं होतं. कोणी रिकाम्या बादल्यांत पाणी भरून झाकणं दाबून बसवायचं. कोणी पुढची रांग खरी रचून मागे नुसती पोकळी ठेवायचं, शाळेच्या नाटकातल्या राजवाड्यासारखी. एकदा भाव चढला तेव्हा एका व्यापाऱ्याने घरात सासूच्या पलंगाखाली बादल्या सरकवल्या होत्या आणि वर सासूला झोपवून आजारी पाडली होती. ठोकताईने आधी सासूबाईंची विचारपूस केली, औषध कोणतं चालू आहे ते विचारलं, पलंगाच्या कडेला बसली आणि बोलता बोलता टाचेने खाली ठोकलं. सासूबाई बिचाऱ्या तिच्याआधी हसल्या.

असल्या नोकरीत माणूस घरी येताना संशय दाराबाहेर काढून ठेवतो असं नाही. भाजीवालीने वजन करताना तिच्याकडे बघून हसलं तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची. दुधाची पिशवी ती हातात तोलून घ्यायची. तिची सासरी गेलेली मुलगी फोनवर म्हणायची, "आई, तू आमच्या लग्नात वऱ्हाडसुद्धा मोजलं असशील." ती म्हणायची, "मोजलं होतं. त्यातले चौघं कोणाचेच नव्हते."

घरात आता ती आणि नवरा, दोघंच. तो उभा जन्म शहरातली बस चालवून निवृत्त झाला होता. बोलका माणूस, बस चालवतानाही मागच्या प्रवाशाच्या घरची सगळी खबर त्याला असायची. निवृत्तीनंतर त्याचं काहीतरी बिनसलं. खिडकीत बसायचा, रस्त्यावरून जाणारी बस आवाजावरून ओळखायचा आणि तिचा चालक गिअर कसा चुकीचा टाकतो ते भिंतीला सांगायचा. जेवताजेवता त्याचा उजवा पाय मध्येच जमिनीवर दाबला जायचा. ठोकताईला ते दिसायचं. त्यावर काय बोलायचं ते मात्र तिला कधी सुचलं नाही.

त्या वर्षी पांढऱ्या रंगाचा भाव उतरला. शहरात कारखान्याचे मोठे व्यापारी तीन. पहिला बाजारातला, त्याला सगळे गोडशेठ म्हणत, कारण तो कर्ज बुडवणाऱ्यालासुद्धा "बाळा" म्हणून हाक मारायचा. दुसऱ्याचं गोदाम नदीकाठी, तिसऱ्याचं शहराबाहेर चढावर. एका गोदामाच्या मोजणीत तिचा अख्खा दिवस जायचा, म्हणून ती रोज एकेक उरकायची. मोजलेल्या बादलीच्या झाकणावर खडूने रेघ मारायची.

गोडशेठकडचं मोजून झालं. दुसऱ्या दिवशी ती नदीकाठी गेली. तिथे शेवटच्या रांगेपाशी ती थांबली. बाकीच्या बादल्यांवर धुळीचा थर होता, बोट फिरवलं तर नाव लिहिता यावं असा. या रांगेची झाकणं मात्र लख्ख, नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी. तिने वाकून बघितलं. एका झाकणाच्या खोबणीत पांढरट भुकटी अडकली होती. रंगाची असेल, खडूचीही असेल.

"या मागच्या रांगेचीच झाकणं कोणी पुसली?" तिने विचारलं.

"तुम्ही येणार म्हणून साफसफाई केली, ताई," नदीकाठचा व्यापारी म्हणाला.

"मग पुढच्या रांगांनी काय घोडं मारलं होतं?"

तो हसला आणि त्याने चहा मागवला. तिने चहा घेतला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळलं, पण संशयाने कोणाचा फरक कापता येत नाही. बादल्या भरलेल्या होत्या, रंग खरा होता, कारखान्याचाच होता. एका वेळी बनलेल्या शेकडो बादल्यांवर नंबरही एकच असतो, त्यामुळे ही बादली तीच का दुसरी हे नंबरावरून कळायला मार्ग नव्हता. तिने आकडा लिहिला आणि ती निघाली.

घरी येताना बसमध्ये तिने सगळं उलटंपालटं करून बघितलं. समजा, गोडशेठचाच माल तिच्या पुढे पुढे पळतोय. मोजणी झाली की गाडीत घालायचा, पुढच्या गोदामात उतरवायचा, झाकणं पुसायची. एकाच मालावर तीन ठिकाणी फरक मिळवायचा आणि वाटून घ्यायचा. करता येण्याजोगं होतं. पण त्यासाठी ती उद्या कुठे जाणार हे आज कळायला हवं. आणि ती काही नेमाने जायची नाही. कधी आधी नदीकाठ, कधी आधी चढ. ते ती मुद्दामच संध्याकाळी ठरवायची. ठरलं की दोनच माणसांना सांगायची. एक कार्यालयातले साहेब, कारण तसा नियम होता. दुसरा नवरा, कारण संध्याकाळी उशीर होणार की नाही हे त्याला कळायला हवं.

साहेब! तिचा संशय सरळ जाऊन साहेबांच्या खुर्चीवर बसला. माणूस तसा पापभीरू वाटायचा, पचनाच्या गोळ्या खायचा, सही करताना दोनदा वाचायचा. पण पापभीरू दिसणाऱ्यांनी तिला जास्त फसवलं होतं. तिने त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. नवे बूट दिसले. फोन आला की ते खिडकीपाशी जाऊन बोलतात हेही दिसलं. एकदा तर ती त्यांच्या दाराबाहेर फाईल हातात धरून उगाच रेंगाळली; आत ते बायकोला विचारत होते की गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर.

आणि त्याच सुमारास घरात नवरा शीळ घालायला लागला.

आधी तिला बरंच वाटलं. खिडकी सुटली, माणूस बाहेर पडायला लागला. सकाळी उठून, दाढी करून निघायचा. "बागेत जातो, आमची मंडळी असते," म्हणायचा. पण बागेतून येणाऱ्या माणसाच्या चपलांना माती असते, याच्या नव्हती. कमरेला मलम चोळून घ्यायचा. बागेत बसून कोणाची कंबर धरते? नखांच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा तिने हात धरून विचारलं.

"हे काय?"

"चुना असेल," तो म्हणाला. "बागेतल्या झाडांना लावलाय ना खाली. टेकलो असेन."

"नखांनी टेकलात?"

"तू ना," तो म्हणाला आणि हात सोडवून घेऊन शीळ घालत आत गेला.

एखादी बाई असेल का, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. या वयात, या पोटासकट? तिला हसू आलं. मग हसू मावळलं, कारण तिने विचार पुढे नेला आणि विचार गोदामाच्या दाराशी जाऊन थांबला. तिने तो तिथेच सोडला. हयातीत पहिल्यांदा तिने एखादी गोष्ट ठोकून न बघता तशीच ठेवली.

काही आठवड्यांनी पांढऱ्याचा भाव पुन्हा उतरला. या खेपेला ती तयार होती. गोडशेठच्या गोदामात मोजताना खडूची रेघ तर ओढलीच, शिवाय केसांतला आकडा काढून मागच्या दोन रांगांतल्या प्रत्येक बादलीच्या बुडाशी, कडेला, बारीकशी फुली कोरली. गोडशेठ दारातून बघत होता.

"ताई, काही पडलं का?"

"आकडा पडला," ती म्हणाली. आकडा केसांतून निघाला होता, तेवढं तरी खरं होतं.

संध्याकाळी तिने कार्यालयात फोन केला आणि साहेबांना सांगितलं, "उद्या चढावर जाते." घरी जेवायला बसल्यावर नवऱ्याला म्हणाली, "उद्या नदीकाठी."

"बरं," तो म्हणाला. "उशीर होईल?"

"होईल."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मन लावून जेवत होता. उद्या चढावरच्या गोदामात फुल्या सापडू देत, एवढंच ती मनाशी म्हणत होती. साहेबांची नोकरी जाईल, त्यांना दोन मुलं आहेत, वाईट होईल, पण चढावरच सापडू देत.

सकाळी ती चढावर पोचली तेव्हा व्यापारी नुकताच कुलूप काढत होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

"आज? आज तर तुम्ही..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"आज मी काय?"

"काही नाही. या ना, या."

गोदाम अर्धं रिकामं होतं. तिने एकेक बादली तिरकी करून बूड बघितलं. फुली एकीवरही नव्हती. मागच्या खेपेला इथे जेवढा माल होता त्याच्या मानाने आता अगदीच कमी होता आणि व्यापारी घाम पुसत होता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिने त्याला तिथेच उभा आडवा घेतला असता. पण फुल्या इथे नाहीत म्हणजे त्या कुठे सापडणार, हे तिला कळलं होतं. आकडा लिहून ती भर उन्हात उतरणीला लागली आणि नदीकडे जाणारी बस तिने पकडली.

नदीकाठच्या गोदामाच्या अंगणात टेम्पो उभा होता. मागचं फळकूट खाली सोडलेलं, ती सकाळी आलीच नाही म्हणून दोन हमाल शेवटच्या फेरीतल्या बादल्या निवांत आत नेत होते. चालकाच्या जागेवर तिचा नवरा बसला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर, आणि हमालांना काहीतरी गंमत सांगत होता. किती तरी दिवसांत तिने त्याला इतका ऐसपैस बसलेला बघितलं नव्हतं. तीच वाईट गोष्ट झाली. तो लपतछपत असता तर तिला राग पटकन आला असता.

त्याने तिला बघितलं. गंमत अर्धवट राहिली.

 ती आधी आत गेली. नदीकाठचा व्यापारी "ताई, ताई" करत मागे आला. तिने मागच्या रांगेतली पहिली बादली तिरकी केली. फुली. दुसरी. फुली. तिसऱ्या बादलीनंतर तिने बघणं थांबवलं.

"याला एक बोटही लावायचं नाही," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "एक जरी बादली इथून हलली तर तुमचं खातं बंद. मी आता साहेबांना फोन करतेय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिने त्याच्यासमोरच फोन लावला आणि साहेबांना एवढंच म्हणाली, की माल सापडलाय, दोन माणसं पाठवा. ती माणसं येऊन दारात बसेपर्यंत ठोकताई तिथेच उभी राहिली. मग बाहेर येऊन टेम्पोत नवऱ्याशेजारी बसली.

"चला. गाडी ज्याची त्याला देऊन टाका आणि घरी चला."

तो निमूटपणे निघाला. टेम्पोने पूल ओलांडला.

"गोडशेठ बसस्टॉपवर भेटला होता," शेवटी तोच म्हणाला. "म्हणाला, एवढा कसलेला चालक घरी बसून गंजतोय, माझी गाडी चालवा. पैसे काय, नावापुरते. मी म्हटलं, पैसे नकोत, गाडी द्या."

"आणि मी उद्या कुठे जाणार ते?"

"तो विचारायचा, वहिनींची उद्या कुठे मोहीम? मला वाटलं, चौकशी करतोय. मी सांगायचो. लोकांशी बोलताना मी काय तोलून बोलतो?"

"हे सगळं कशासाठी चाललंय ते कधी कळलं तुम्हाला?"

त्याने गिअर बदलला. ती वाट बघत होती. "आजच कळलं" असं तो म्हणाला असता तर तिने ते मानलं असतं का, हा प्रश्न तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला.

"दुसऱ्या फेरीला," तो म्हणाला. "हमालांना झाकणं पुसताना बघितलं. मी काही खुळा नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तू लिहिलं असतंस."

"लिहिलंच असतं."

"मग गाडी गेली असती," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की इंजिनाच्या घरघरीत जेमतेम ऐकू आला. "तुला नाही कळायचं ते. तुला रोज सकाळी कुठेतरी कोणीतरी घाबरतं. मला कोणी विचारत नव्हतं."

 ती रस्त्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर बसली आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. खडू, धूळ, फुल्या, टेम्पो. टेम्पो कोण चालवत होतं तेही. साहेबांनी पचनाची गोळी तोंडात टाकली.

"म्हणजे बातमी तुमच्या घरातून जात होती."

"हो."

"आणि मोजणाऱ्याही तुम्ही."

"हो."

ते तिच्याकडे बघत राहिले. ती नजर तिने लगेच ओळखली. तिचीच होती ती. इतकी वर्षं ती लोकांकडे ज्या नजरेने बघत आली त्याच नजरेने आज कोणीतरी तिला बाहेरून ठोकून बघत होतं, आत काही आहे का म्हणून. तिला घाम फुटला. आपण स्वच्छ आहोत हे सांगायला तोंड उघडावं तर ते किती खोटं वाटेल हेही तिला माहीत होतं, कारण सगळे चोर तेच म्हणतात.

"चौकशी होईपर्यंत तुम्ही गोदामात जाऊ नका," साहेब म्हणाले. "आणि सांगायला वाईट वाटतं, पण आम्हाला तुमची पण चौकशी करावी लागेल."

तिन्ही गोदामं एकाच सकाळी, एकाच वेळी तीन वेगवेगळ्या माणसांनी मोजली. फुल्यांचा माल नदीकाठीच सापडला, गोडशेठच्या गोदामात तेवढीच जागा रिकामी होती. गोडशेठला बोलावलं तेव्हा तो डगमगला नाही. आधी म्हणाला, शेजारधर्म म्हणून माल उसना दिला होता. ते चाललं नाही तेव्हा गोड हसून म्हणाला, "साहेब, ताईंना सगळं माहीत होतं. त्यांचा नवरा माझ्या गाडीवर, बाई मोजणीवर. आता एवढ्या जुन्या माणसाचं मी काय वाईट सांगू?"

कार्यालयात ती गोष्ट टेबलांवरून पसरायला वेळ लागला नाही. ज्या मैत्रिणी डबा खाताना तिला हाक मारायच्या त्या आता आपापल्या फोनमध्ये बघत जेवू लागल्या. कोणी काही बोललं नाही. तेच जास्त झोंबलं. तिला वाटायचं, कोणी तरी सरळ विचारा ना, तुम्ही किती घेतले म्हणून.

तिने नवऱ्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याला मुलीकडून कळलं. एका दुपारी तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून थेट कार्यालयात आला. तिला न विचारता साहेबांच्या खोलीत शिरला आणि दार उघडंच राहिलं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"माहिती मी दिली. आधी नकळत, नंतर कळून. माल मी नेला. जे काय करायचं ते माझं करा."

"तुमच्या मिसेसना ठाऊक नव्हतं?"

"तिला ठाऊक असतं तर मी इथे उभा नसतो, साहेब. मी घरातसुद्धा नसतो. ती माझ्या चपलांची माती तपासते. तिला मी काय पढवणार? आणि तिला लपवायचं असतं तर तिने फुल्या कशाला मारल्या असत्या? नवरा पकडून देण्यात कोणता नफा असतो ते मला सांगा, म्हणजे मीही करीन."

बाहेर कोणीतरी हसलं. साहेबही हसले असावेत, कारण त्यांचा पुढचा आवाज जरा मऊ होता. ठोकताई आपल्या जागेवर बसून होती. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी, इतक्या दिवसांच्या सवयीने, तिच्या मनात हेही येऊन गेलं की हे बोलणं त्याने घरून पाठ करून तर आणलं नसेल?

चौकशी संपली. तिच्यावर ठपका आला नाही. गोडशेठ आणि नदीकाठचा, दोघांना त्या खेपेचा फरक मिळाला नाही आणि मागच्या खेपेचाही परत द्यावा लागला. चढावरच्याने काखा वर केल्या आणि मग हळूच आपला आकडा दुरुस्त करून घेतला. नवऱ्याला कारखान्याकडून काही झालं नाही. तो त्यांचा नोकर नव्हता. टेम्पो मात्र गेला.

पण साहेबांच्या मनातून गोष्ट गेली नाही. त्यांनी वर बोलणी केली आणि नवीन करारात ते कलमच बदललं. आता भाव हलला की गोदामात कोणी जायचं नाही. कारखान्यातून व्यापाऱ्याला किती माल गेला, त्याने दुकानदारांना किती विकला, यांची वजाबाकी यंत्रावरच करायची. जे उरेल तेवढ्यावर फरक. विकल्याची नोंद रोजच्या रोज आली नाही तर फरकच नाही. बादली भरलेली आहे की पोकळ, याच्याशी कोणाला देणंघेणं उरलं नाही.

"तुमच्यामुळेच हे सुचलं," साहेब तिला म्हणाले. त्यांना ती शाबासकी वाटत होती.

तिला कार्यालयात खिडकीजवळचं टेबल मिळालं. व्यापाऱ्यांच्या नोंदी वेळेवर येतात का ते पडद्यावर बघायचं. पगार तोच, उन्हातान्हात हिंडणं नाही. पहिले काही दिवस तिला वाटायचं, आपण कोणत्यातरी आजारातून उठलोय. पडद्यावरचे आकडे नीट रांगेत यायचे. तिला त्यांचा भरवसा वाटायचा नाही, पण त्यांना विचारणार काय? आकड्याचा चेहरा पडत नाही, त्याला घाम येत नाही. एकदा भाव चढला तेव्हा गोडशेठचा विकलेला माल एका दिवसात भलताच फुगलेला दिसला. तिने साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, नोंद आहे ना? मग झालं. तिने ते झालं असं मानलं नाही. दुपारच्या सुट्टीत बसने जाऊन ती बाजारात गोडशेठच्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिली, तो माल खरंच कुठे जातोय का ते बघत. गोडशेठने आतून नमस्कार केला. तिने केला नाही.

घरी नवऱ्याने स्वतःच एक काम शोधलं. एका धोबीखान्याची गाडी होती. इस्पितळांच्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या आणायच्या. रुजू होण्याआधी त्याने तिला मालकाचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, गाडीचा नंबर सांगितला. "जाऊन बघून ये," म्हणाला. ती बघून आली. चादरी होत्या.

त्यांच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. राग नव्हता असं नाही. काही दिवस ती त्याला पाणीसुद्धा टेबलावर ठेवून द्यायची, हातात नाही. तोही गप्प असायचा. मग एका संध्याकाळी तो घरी उशिरा आला आणि तिने विचारायच्या आतच सांगायला लागला, की पुलाखालचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे लांबून यावं लागलं, वळणावर एका ट्रकवाल्याशी बाचाबाची झाली, तो ट्रकवाला त्याच्याच जुन्या डेपोतल्या मित्राचा भाचा निघाला, मग दोघांनी चहा घेतला. त्याच्या गोष्टी नेहमी अशाच असायच्या. प्रत्येक वळणावर कोणीतरी भाचा निघायचा. ती ऐकत होती, भाजी चिरत होती आणि हं हं म्हणत होती.

सकाळी कार्यालयात जाताना तिने बसच्या वाहकाला विचारलं, "पुलाखालचा रस्ता बंद आहे का हो?"

"कालपासून खणलाय, ताई. बराच वळसा पडतो."

ती जागेवर जाऊन बसली. भाच्याचं खरंखोटं करायला काही मार्ग नव्हता. तिने तिकीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि बस वळसा घेऊन निघाली तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिली.